उत्तर: मॅकबुक एअर २०१७, अडॅप्टरवर बसवलेली १ टीबी एनव्हीएमई दिसत नाही

१३ इंची २०१७ची एअर, मूळ १२८ जीबी एसएसडी काढून अडॅप्टरवर १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) बसवली आणि डिस्क युटिलिटीत (मॅकवरच्या डिस्क सांभाळायच्या अ‍ॅपमध्ये) काहीच दिसत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. नवी एसएसडी परत करायची घाई नको.

सगळ्यात आधी डिस्क युटिलिटीच्या व्ह्यू मेन्यूत ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा. कोऱ्या डिस्कवर व्हॉल्यूमच नसतो, म्हणून ती एरवी लपलेली राहते. दिसली, तर वरची डिस्क निवडून स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप आणि फॉरमॅट एपीएफएस ठेवून इरेज करा.

तरीही नाही दिसली तर रिकव्हरी (मशीन सुरू करताना कळा दाबून उघडायची दुरुस्तीची सोय) कुठली उघडलीत ते पाहा. शिफ्ट-ऑप्शन-कमांड-आर दाबलं की मशिनबरोबर आलेली सिएरा (मॅकओएस १०.१२) उतरते, आणि सिएराला ५१२ बाइट सेक्टरच्या एनव्हीएमई कळत नाहीत. हाय सिएरा (१०.१३) किंवा पुढची आवृत्ती हवी. त्यासाठी ऑप्शन-कमांड-आर वापरा, किंवा १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर करून घ्या. हे केव्हाही बरं. मूळ डिस्कवर जुनीच सिस्टीम होती का? मग ती डिस्क परत लावून मॉंटेरीपर्यंत (मॅकओएस १२) अपडेट करा. बूट रॉमचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट इन्स्टॉलरबरोबर येतं, पण अ‍ॅपलची एसएसडी आत नसेल तर ते अडतं. बॅकअपही तेव्हाच उरका: त्या डिस्कचा कनेक्टर अ‍ॅपलचा स्वतःचा आहे, साध्या एम.२ एन्क्लोजरमध्ये (एसएसडी बाहेरून जोडायच्या डबीत) ती बसत नाही.

आता बसवणी. मागच्या झाकणाला पेंटालोब पी५चे दहा स्क्रू, त्यातले बिजागरीजवळचे दोन लांब. ते वेगळे ठेवा. बॅटरीचा कनेक्टर वर न उचलता बोर्डला समांतर ओढून सोडवा. एसएसडीचा स्क्रू टॉर्क्स टी५. अडॅप्टर आधी एसएसडीवर पूर्ण दाबा आणि सांध्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावा, मग दोन्ही मिळून स्लॉटमध्ये सरळ सरकवा. सांध्यात फट राहिली तर डिस्क कधी दिसते, कधी गायब होते. लोक त्याचं खापर एसएसडीवर फोडतात.

एसएसडी २२८० मापाची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब), एका बाजूलाच चिप असलेली घ्या. सॅमसंग पीएम९८१ टाळा. ९७० इव्हो प्लस असेल तर फर्मवेअर आधी अपडेट करा. सुरुवातीच्या फर्मवेअरवर मॅकओएस कर्नल पॅनिक देते, म्हणजे अचानक कोसळते. महागड्या वेगवान डिस्कचा इथे उपयोग नाही, कारण या एअरमध्ये पीसीआयई २.०च्या (एसएसडी जोडणाऱ्या जुन्या पिढीच्या मार्गाच्या) चारच लेन आहेत. सेकंदाला साधारण १५०० एमबीच्या पुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा रिकामी असताना कमी वीज खाणारी निवडा, नाहीतर बॅटरी लवकर उतरते.

कोणाची एअर २०१३-१४ची असेल तर अशी एसएसडी लावल्यावर स्लीपमधून उठताना ती अडकू शकते. टर्मिनलमधून पीएमसेट (वीज वापराच्या सेटिंग बदलायची आज्ञा) वापरून हायबरनेटमोड आणि स्टँडबाय दोन्ही ० करा. मात्र मग झाकण मिटून ठेवलं आणि बॅटरी पार संपली, तर न साठवलेलं काम जातं.