खोलीचं भाडं आणि निम्मा क्लेम

प्रश्न : ताई, नमस्कार. मार्चमध्ये माझी आई (वय 71) न्हाणीघरात घसरून पडली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. रात्रीच जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आईची तीन लाखांची पॉलिसी आहे, नऊ वर्षांत एकही हप्ता चुकवलेला नाही. बिल झालं 2,00,000 आणि कंपनीने दिले 96,000. पत्रात एवढंच लिहिलंय की खोलीभाडं मर्यादेपेक्षा जास्त असल्याने त्या प्रमाणात कपात. पण खोलीचा फरक चार दिवसांचा मिळून 12,000च होता. बाकीचे कुठे गेले? शिवाय आयुष्मान कार्डाचं विचारलं, तर काउंटरवर सांगितलं की पॉलिसी असेल तर ते मिळत नाही. बिल आणि पत्राची प्रत सोबत जोडली आहे.
– एक वाचक, जिवाजीगंज, लश्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : तुमच्या बिलाची पाचही पानं मी जेवणाच्या टेबलावर मांडून ओळ न् ओळ वाचली. विमा कंपनीच्या क्लेम विभागात सत्तावीस वर्षं काढली, तेव्हा अशी बिलं रोज हातात यायची. सरळच सांगते, तुमचे 49,000 रुपये चुकीने कापले गेले आहेत आणि ते मागायलाच हवेत.

आधी कपात कशी होते ते बघा. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला 3,000. तुम्ही घेतलेली खोली 6,000ची. मर्यादेच्या दुप्पट भाडं, म्हणून कंपनीने हातमोजे, मास्क, नोंदणी असे न मिळणारे 8,000 वगळले आणि उरलेल्या 1,92,000ला सरसकट निम्म्याने कात्री लावली. आले 96,000.

हे सरसकट निम्मं करणं नियमात बसत नाही. प्रमाणात कपात फक्त खोलीशी जोडलेल्या वैद्यकीय खर्चाला लागते. सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेला इम्प्लांट आणि तपासण्या यांना ती लावता येत नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाने 2020 सालीच स्पष्ट केलंय. आयसीयूच्या खर्चालाही नाही. तुमच्या बिलात इम्प्लांट 48,000, औषधं 32,000 आणि तपासण्या 18,000. मिळून 98,000. त्याचे निम्मे 49,000, तेच तुमचे. खुब्यात बसवलेला तो धातूचा तुकडा जनरल वॉर्डातल्या पेशंटला स्वस्तात मिळत नाही, मग खोलीचं कारण पुढे करून त्याचे पैसे कापायचे कसे?

आता सर्जन, भूल, थिएटर आणि नर्सिंग यांचे 70,000. कंपनीने दिले 35,000. इथेही तुमचा हात रिकामा नाही. हॉस्पिटलात या सेवांचे दर खोलीप्रमाणे बदलत नसतील, तर प्रमाणात कपात करताच येत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या बिलिंग विभागातून रेटकार्ड मागून घ्या आणि त्यावर शिक्का घ्या. खुब्याच्या ऑपरेशनची फी जनरल, सेमी आणि डीलक्स तिन्हींत एकच दिसली, तर तेही 35,000 मागायचे. वेगवेगळी दिसली, तर ही रक्कम गेली म्हणून सोडून द्या. खोलीच्या फरकाचे 12,000 आणि ते 8,000 तर गेलेलेच आहेत, त्यांचा आग्रह धरू नका. अर्ज कमकुवत होतो.

डीलक्स खोली घेतलीत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. 2011 साली सासूबाईंना छातीत दुखायला लागलं, तेव्हा रात्री साडेअकराला मीही अशाच एका काउंटरवर उभी होते. काउंटरवरच्या मुलाने काचेखालून फॉर्म सरकवला, पेन दोरीला बांधलेलं, आणि विचारलं, "कौनसा रूम?" मागे स्ट्रेचरवर त्या माझा पदर धरून होत्या. खोलीभाड्याची कलमं मला तोंडपाठ होती, आणि तरीही माझ्या तोंडून निघालं, "अच्छा वाला दे दीजिए." घरी परतल्यावर तो कार्बनचा निळा कागद बघितला तेव्हा कळलं की त्या एका शब्दावर पुढचं सगळं बिल ठरलं होतं. तेव्हापासून मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगते की पॉलिसीच्या कार्डामागे पेनने लिहून ठेवा, 'खोली 3,000 पर्यंत'. पॉलिसीसोबत आता ग्राहक माहिती पत्रक येतं, 1 जानेवारी 2024 पासून ते नव्या स्वरूपात द्यावं लागतं आणि मागितलं तर आपल्या भाषेतही द्यायला हवं. त्यात या मर्यादा एकत्र असतात. ते शोधा, आज रात्रीच.

दाद मागायची वाट अशी. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज, वरचा हिशेब जसाच्या तसा मांडून. पोच घ्या. विमा नियामकाच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवा, म्हणजे तारीख पक्की होते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारे अधिकारी. मध्य प्रदेशसाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायला हवं. फोनवर कोणी 'हो जाएगा' म्हटलं म्हणून थांबू नका. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक खऱ्या तक्रारी केवळ मुदत टळल्याने परत गेल्या आहेत, आणि ते लोक जिन्यावरून उतरताना मी पाहिले आहेत.

आयुष्मानबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलं. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मानचंच वय वंदना कार्ड मिळतं. खासगी पॉलिसी असली तरी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांची योजना असेल, तर मात्र दोन्हींतली एक निवडावी लागते. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून. घरात वडीलही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. वय आधारवरून धरतात, म्हणून जन्मतारीख आधी तपासा. कार्ड आयुष्मान ॲपवरून निघतं, अडलात तर 14555 वर फोन करा. झालेल्या ऑपरेशनचे पैसे त्यातून परत मिळत नाहीत आणि ओपीडीही त्यात येत नाही. पुढे कधी भरती व्हावं लागलं, तर योजनेतल्या हॉस्पिटलात जाऊन आधी आयुष्मान मित्राला, म्हणजे तिथे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठायचं.

एक गोष्ट मनात सलते, ती लिहिते. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 वर आला. हे मोठं काम आहे, ते मान्यच करायला हवं. पण सरकारचा आरोग्यावरचा खर्च त्या वर्षी जीडीपीच्या 1.84 टक्के होता, आणि 2017च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. आपल्या ग्वाल्हेरच्या सरकारी जयारोग्य रुग्णालयाच्या 'हजार बिस्तर' इमारतीत रात्री अकराला म्हाताऱ्या आईला घेऊन जाताना मनात धाकधूक होणार नाही, इतका पैसा तिथे यायला हवा. आणि तोच सर्जन, तेच थिएटर, फक्त पेशंटच्या खोलीत सोफा आहे म्हणून फी वेगळी, ही पद्धत सरकारने बंदच करायला हवी. विम्याच्या निम्म्या तक्रारी मग उभ्याच राहणार नाहीत, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

कंपनीला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी तयार करून संपादकांकडे ठेवला आहे. रेटकार्ड हाती आलं की त्याचा स्वच्छ फोटो त्यांना पाठवा, मी त्यात 35,000ची ओळ घालून देते. आईंना वॉकर घेऊन चालताना न्हाणीघराच्या दाराशी कुणीतरी उभं राहा.