३ मिनिटांची फिल्म आणि ३६ दिवसांची रोकड

आपले पत्र आणि सोबतची दोन्ही कोटेशन वाचली. आपण कार्यालयीन खुर्च्या बनवता, बहुतेक माल थेट कंपन्यांना जातो आणि व्यवसायाची ओळख करून देणारी ३ मिनिटांची फिल्म एखाद्या चांगल्या निर्मिती संस्थेकडून करून घ्यावी, असे आपल्या मनात आहे. हा खर्च झेपेल का आणि त्यासाठी कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपला गेल्या वर्षीचा निव्वळ नफा १०० धरतो. त्या मापाने आपली वार्षिक विक्री १०००, खर्च ९००, पहिले कोटेशन २४, दुसरे ११ आणि बँकेतील आजची शिल्लक ९० येते.

कर्जाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे: काढू नये. पत्रात आपण या खर्चाला दोनदा ‘गुंतवणूक’ म्हटले आहे. बोलण्यात ते चालते, हिशेबाच्या वहीत चालत नाही. आंतरराष्ट्रीय लेखा मानक ३८ नुसारही जाहिरात व प्रसिद्धीवरचा खर्च मालमत्ता म्हणून पुढे ओढता येत नाही, तो झाला त्या काळातच खर्ची टाकावा लागतो. यंत्र घेतले आणि नाही चालले तर ते विकता तरी येते. नको झालेली फिल्म कोणी विकत घेत नाही.

स्वतःच्या पैशांतून करायचे म्हटले तरी शिलकीकडे पाहावे लागेल. वर्षाला ९०० खर्च असलेल्या व्यवसायात ९० ही जेमतेम ३६ दिवसांची रोकड आहे, आणि आपले ग्राहक सरासरी ४५ दिवसांनी पैसे देतात. त्यातून २४ एकदम काढले तर हातात २७ दिवसांचीही रोकड उरत नाही. पहिली संस्था अर्धी रक्कम सहीच्या दिवशी आणि उरलेली अर्धी चित्रीकरणाच्या दिवशी मागते आहे. म्हणजे संकलन सुरू होण्यापूर्वीच आपला शेवटचा पैसा गेलेला असेल, आणि त्यानंतर दुरुस्त्यांसाठी आपण फक्त विनंती करू शकाल.

आता खर्च भरून येण्याचा हिशेब. आपला माल विकल्यावर कच्चा माल, मजुरी आणि वाहतूक वजा जाता १०० मागे ३० उरतात. म्हणून २४ चा खर्च भरून यायला २४ नव्हे, ८० ची जादा विक्री व्हावी लागते. बहुतेक व्यावसायिक इथेच चुकतात आणि खर्चाची तुलना थेट विक्रीशी करून मोकळे होतात. आपली सरासरी ऑर्डर ४ ची आहे, म्हणजे २० जादा ऑर्डरी. पाच चौकशांमागे एक ऑर्डर मिळते हे आपणच लिहिले आहे; त्या हिशेबाने फिल्म पाहून १०० नव्या कंपन्यांनी चौकशी करायला हवी. वर्षाला एकूण १२५० चौकशा येणाऱ्या व्यवसायासाठी ही वाढ अशक्य नाही, पण दुसरीकडे फिल्म त्या कंपन्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी आपण एक पैसाही बाजूला ठेवलेला नाही.

हाच हिशेब मी उलट्या बाजूने करून पाहिला आणि माझे मत तिथे बदलले. चौकशा १२५० च राहिल्या, पण त्यांतून २५० ऐवजी २७० ऑर्डरी मिळाल्या, तरी पूर्ण खर्च निघतो. म्हणजे यशाचे प्रमाण २० टक्क्यांवरून २१.६ टक्क्यांवर जाणे पुरेसे आहे. अनोळखी कंपन्यांना ओढून आणण्यापेक्षा दारात आलेल्या ग्राहकाची शंका फेडणे सोपे असते, आणि आपली फिल्म त्या कामासाठी असावी. ती आपल्या विक्री प्रतिनिधीने दरपत्रकासोबत पाठवायची फिल्म आहे. ती पाहणारा माणूस खरेदी विभागात बसलेला असतो आणि त्याला संस्थापकांच्या प्रवासापेक्षा गॅस लिफ्ट (खुर्ची वर-खाली करणारा दांडा) खराब झाला तर तो जागेवर बदलता येतो का, किती वेळ लागतो आणि चाके वेगळी मिळतात का, यात रस असतो. एक कारागीर खुर्ची उलटी करून, घड्याळ समोर ठेवून गॅस लिफ्ट बदलतो आहे, एवढे एकच दृश्य त्याला तीन मिनिटांच्या निवेदनापेक्षा अधिक पटेल.

हे ठरले की खर्चाची रचनाही बदलते. निर्मितीचा खर्च मिनिटांवर फारसा ठरत नाही, तो चित्रीकरणाच्या दिवसांवर ठरतो. कॅमेरामन, साहाय्यक, ध्वनिमुद्रक, लाइट्स आणि गाडी यांचा दिवसाचा दर ठरलेला असतो. त्या दिवसातून एक फिल्म निघो की सहा तुकडे, त्यात फरक पडत नाही. म्हणून ३ मिनिटांच्या एका फिल्मऐवजी एका दिवसात ९० सेकंदांची मुख्य फिल्म, एकेका शंकेवरचे २५ ते ३० सेकंदांचे चार तुकडे आणि जुन्या ग्राहकांची दोन मनोगते मागावीत. संकलनाचे काम त्याने थोडे वाढेल, दिवस वाढणार नाही.

तांत्रिक बाबींपैकी एकच करारात आवर्जून लिहून घ्यावी, ती म्हणजे चित्रीकरण ४ के मध्ये व्हावे. मोबाइलसाठी उभी चौकट लागते. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून ती कापली तर रुंदीचे जेमतेम ६०८ पिक्सेल उरतात आणि चित्र पुसट दिसते. ४ के म्हणजे ३८४० बाय २१६० मधून कापली तर १२१५ उरतात, जे पुरेसे आहे.

दुसरे कोटेशन ११ चे आहे आणि सात ओळींत फोड करून दिलेले आहे, म्हणून मला ते पहिल्यापेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. पहिल्यात ‘कॉर्पोरेट फिल्म, ३ मिनिटे, सर्व समाविष्ट’ एवढी एकच ओळ आहे. सर्व म्हणजे काय, हे वाद झाल्यावरच कळते. दुसऱ्यातही सातवी ओळ खटकते: ‘इतर खर्च, प्रत्यक्ष होईल त्याप्रमाणे’. तिला १ ची कमाल मर्यादा घालून घ्यावी. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या दरात आहेत, मूळ फूटेज कोणाच्या मालकीचे आणि ते हार्ड डिस्कवर मिळणार का, हेही लिहून घ्यावे. संगीताचे तर विशेष. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे असतात, आणि परवाना मुदतीपुरता किंवा माध्यमापुरता असू शकतो. माझ्या एका अशिलाने वेबसाइटसाठी केलेली फिल्म प्रदर्शनातील स्टॉलवर लावायची ठरवली, तेव्हा संगीताचा परवाना फक्त इंटरनेटपुरता असल्याचे त्यांना कळले. संगीत बदलून, निवेदनाशी पुन्हा जुळवून घेण्याचे पैसे त्यांना वेगळे मोजावे लागले.

कोणत्याच कोटेशनमध्ये न दिसणारा एक खर्च आहे. मनोगते ध्वनिमुद्रित होत असताना कॉम्प्रेसर आणि कटिंगची यंत्रे बंद ठेवावी लागतील. महिन्यात २५ दिवस काम चालते असे धरले तर एका दिवसाच्या बंदमुळे साधारण १ इतके योगदान, म्हणजे विक्रीतून कच्चा माल, मजुरी आणि वाहतूक वजा जाता उरणारी रक्कम, बुडते. चित्रीकरण यंत्रांच्या देखभालीच्या दिवशी ठेवले तर हे टळेल. यंत्रे चालू असलेली दृश्ये त्याच दिवशी शेवटच्या दोन तासांत घेता येतील.

माझ्या हिशेबाने एकूण तरतूद १८ ची असावी: निर्मितीला ‘इतर खर्चा’सह १२, फिल्म पोहोचवण्यासाठी ४ आणि अडीअडचणीसाठी २. ती भरून यायला ६० ची जादा विक्री, म्हणजे १५ ऑर्डरी पुरतात. निर्मितीचे १२ चार हप्त्यांत द्यावेत: सहीच्या वेळी ३० टक्के, चित्रीकरण झाल्यावर ३०, पहिले संकलन पाहिल्यावर २५ आणि सर्व अंतिम फाइल्स व फूटेज हाती आल्यावर १५. प्रसिद्धीचे ४ लगेच सोडू नयेत. आधी तीन महिने प्रतिनिधींनी एकाआड एका चौकशीला दरपत्रकासोबत फिल्म पाठवावी, दुसरीला पाठवू नये, आणि दोन्हीकडच्या ऑर्डरी वेगळ्या नोंदवाव्यात. फरक दिसला तरच ते ४ खर्चावेत.

संस्थेशी बोलताना सातव्या ओळीपासून सुरुवात करावी. तिला मर्यादा घालायला ते तयार झाले नाहीत, तर त्याच सात ओळी तिसऱ्या एखाद्या संस्थेकडे पाठवून दर मागवावा. सहीची घाई नाही.