वाचकांचे प्रश्न : मोबाइलचा कॅमेरा

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : फोन महागडा असूनही छायाचित्रे मनासारखी येत नाहीत. बटण दाबल्यावर प्रकाश, फोकस, इतकेच नव्हे तर कोणते भिंग वापरायचे हेसुद्धा फोन स्वतःच ठरवून टाकतो. त्याचा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. तो कुठे चुकतो आणि तिथे आपण काय करावे, एवढ्यापुरतीच खालील उत्तरे मर्यादित ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्या फोनचा कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा आहे, परंतु प्रत्येक छायाचित्र साडेबारा मेगापिक्सेलचेच निघते. ही फसवणूक नव्हे काय?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, मात्र जाहिरातीत आकडा जेवढा ठळक असतो तेवढा त्याचा खुलासा नसतो, हे खरे. सेन्सरवरचे, म्हणजे भिंगामागच्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरचे, पिक्सेल (प्रकाश टिपणारे ठिपके) इतके सूक्ष्म असतात की एकेकाच्या वाट्याला फारच थोडा प्रकाश येतो आणि चित्र रवाळ दिसू लागते. म्हणून फोन शेजारच्या १६ पिक्सेलांचा मिळून एक पिक्सेल धरतो, आणि २०० ला १६ ने भागले की साडेबारा उरतात. एवढ्या चित्राची सुमारे १३ बाय १० इंचांची उत्तम छपाई होऊ शकते. पूर्ण २०० मेगापिक्सेलची सोय भरपूर उजेडातल्या स्थिर दृश्यासाठी राखून ठेवावी. एरवी तिने फोनची जागा तेवढी भरते.

प्रश्न : प्रवासात दूरची शिखरे किंवा पक्षी झूम करून टिपले, तर चित्र रंगवल्यासारखे आणि पुसट दिसते. असे का होते?

उत्तर : दोन बोटांनी चित्र ताणून केलेले झूम हे बहुतांशी चित्राचा मधला भाग कापून मोठा करणे असते. गेलेला तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते, आणि पाने, केस, पाटीवरची अक्षरे अशा ठिकाणी तो अंदाज उघडा पडतो. बहुतेक फोनांत वेगवेगळी भिंगे असून त्यांची पल्ल्याची मर्यादा ठरलेली असते; पडद्यावरचे ०.५, १, ३ किंवा ५ असे आकडे साधारणपणे त्या भिंगांचेच असतात. ३ पटीचे भिंग असलेल्या फोनवर २.८ पट झूम केले, तर चित्र मुख्य भिंगातून घेऊन कापले जाते. ३ वर बोट ठेवले तर दूरचे भिंग कामाला येते. म्हणून बोटांनी ताणण्यापेक्षा आकडा दाबावा. ज्यांच्या मुख्य सेन्सरवर ४८ मेगापिक्सेल किंवा अधिक आहेत, अशा अनेक फोनांत २ हा आकडाही बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो, कारण सेन्सरचा मधला भागच तेवढा तपशील देऊ शकतो.

यात आणखी एक मेख आहे. दूरच्या भिंगामागचा सेन्सर सहसा लहान असतो, त्यामुळे उजेड कमी असल्यास, किंवा वस्तू फार जवळ असल्यास, ३ हा आकडा दाबूनही काही फोन गुपचूप मुख्य भिंगाकडेच वळतात. खात्री करायची असेल तर मागची भिंगे एकेक करून बोटाने झाका. ज्यामुळे पडद्यावर अंधार होईल ते भिंग चालू आहे. अशा वेळी दोन पावले पुढे जाणे शक्य असेल तर तेच करावे.

प्रश्न : आकाश पांढरेफटक किंवा माणसांचे चेहरे काळे, या दोहोंपैकी एक ठरलेलेच. उपाय सांगावा.

उत्तर : आकाश आणि सावलीतला चेहरा यांच्या उजेडात एवढे अंतर असते की एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एका चित्रासाठी आत घेतलेल्या प्रकाशाच्या मापात, दोन्ही मावत नाहीत. फोनमधली एचडीआर ही सोय लागोपाठ घेतलेली अनेक चित्रे जुळवून हे अंतर कमी करते, पण सारेच सारखे उजळवून पुष्कळदा दृश्य सपाटही करते. आकाश महत्त्वाचे असेल तर तेजस्वी भागावर बोट ठेवून शेजारची सूर्याच्या चिन्हाची पट्टी थोडी खाली ओढावी. सावलीतला तपशील नंतर काही प्रमाणात उजळता येतो, मात्र पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागात उजळायला किंवा मंदावायला काही उरलेलेच नसते. बोट काही क्षण दाबून धरल्यास फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही कुलूपबंद होतात, म्हणजे चौकट हलवली तरी फोन आपला निर्णय बदलत नाही. चेहरा महत्त्वाचा असेल तर ही सारी खटपट सोडून माणसालाच उजेडाकडे तोंड करून उभे करावे. भिंगावरचा बोटांचा तेलकट ठसाही उजेडाच्या दिशेने टिपलेल्या चित्रावर धुके पसरवतो, तेव्हा आधी ते मऊ कापडाने पुसून घ्यावे.

प्रश्न : घरात संध्याकाळी खेळणारी मुले नेहमी हललेली येतात. फोनमध्ये स्थिरीकरणाची सोय असूनही असे का?

उत्तर : ती सोय आपल्या हाताच्या कंपासाठी असते, मुलाच्या धावण्यावर तिचा काही इलाज नाही. उजेड कमी असला की शटर अधिक वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात मूल पुढे सरकते. नाइट मोड तर अनेक चित्रे एकावर एक जुळवतो, म्हणून तो इथे बंदच ठेवावा. दिवे वाढवावेत आणि एकामागून एक भराभर चित्रे घेऊन त्यातले नेमके निवडावे. झोक्यावरचे मूल टोकाला पोहोचल्यावर क्षणभर थांबते. तसे क्षण हेरता आले तर मंद उजेडातही काम भागते.

प्रश्न : समूहचित्रात कडेची माणसे रुंद का दिसतात?

उत्तर : रुंद भिंग कडेचे आकार ताणते. ०.५ ऐवजी १ वापरून मागे सरावे आणि कडेला थोडी जागा मोकळी सोडावी.

प्रश्न : नातेवाइकांना पाठवलेली छायाचित्रे त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत पुसट का होतात?

उत्तर : संदेशाची अॅप चित्राचा आकार कमी करून ते पाठवतात. चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून जोडल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र मूळ फाइलमध्ये चित्र काढल्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याला परवानगी दिलेली असल्यास ठिकाणही नोंदलेले असते. घरातली चित्रे अनोळखी व्यक्तीला पाठवायची असतील, तर ठिकाणाची नोंद आधी काढून टाकावी. ती सोय बहुतेक फोनांच्या गॅलरीत, चित्राच्या तपशिलांत किंवा पाठवण्याच्या पर्यायांत मिळते.