पीओ म्हणून लागलेली मुलगी खरंच स्टेट बँकेची अध्यक्ष होऊ शकते का?

तुम्ही विचारलंय, की मुलगी जळगावला खोली घेऊन पीओची (बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेची) तयारी करतेय, क्लासवाले येता-जाता स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्यांचं नाव घेतात, तर त्यात खरं किती आणि फ्लेक्सपुरतं किती? मी ३७ वर्षं एका सरकारी बँकेत काढली. १९८१ साली क्लार्क म्हणून लागले, २०१८ साली स्केल टूवरून (अधिकाऱ्यांची दुसरी पायरी) निवृत्त झाले. अध्यक्षाच्या खुर्चीबद्दल मी काय सांगणार! पण मधल्या पायऱ्यांवर बायका कुठे अडतात ते मला नीट ठाऊक आहे, कारण मीही तिथेच अडले.

क्लासवाले खोटं बोलत नाहीत. अरुंधतीबाई १९७७ साली स्टेट बँकेत पीओ म्हणून लागल्या आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच बँकेच्या अध्यक्ष झाल्या. बाहेरून आणून बसवलेल्या नव्हत्या. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, कॉमर्सचं नव्हे. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात, बालपण कारखान्याच्या वसाहतीत. आपल्या भुसावळहून हावडा मेल पकडली की दुर्ग-भिलाई त्याच लायनीवर, आणि पुढे खरगपूरही. तिथे त्यांनी सुरुवातीची काही वर्षं काढली. खरगपूर म्हणजे आपल्या भुसावळसारखंच रेल्वेचं गाव. त्या काही आभाळातून पडल्या नव्हत्या, एवढंच मला म्हणायचंय.

सरकारी बँकेच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या बाई मात्र नव्हेत. रंजना कुमार यांनी २००० सालीच तोट्यात रुतलेली इंडियन बँक हाती घेतली होती. पण स्टेट बँकेचं मूळ १८०६ सालच्या बँक ऑफ कलकत्तामध्ये. तिथून धरलं तर पहिली बाई वर पोचायला २०७ वर्षं लागली.

आता क्लासमध्ये जे सांगत नाहीत ते. बँकेत प्रमोशन म्हणजे बदली. कॅन्टीनमध्ये तर आम्ही म्हणायचो, पेढे खायचे की बॅग भरायची ते एकदाच ठरवा. भट्टाचार्यांची कारकीर्द बघा: खरगपूर, कोलकाता, लखनौ, न्यूयॉर्क, मुंबई. बढती-बदलीच्या ज्या पत्रावर आमच्यासारख्या बायका 'घरगुती कारणास्तव नको' असं लिहून सही करतात, त्या प्रत्येक पत्राला त्यांनी हो म्हटलं. नवरा आयआयटी खरगपूरला प्राध्यापक. म्हणजे वर्षानुवर्षं दोन गावांत दोन चुली. लखनौला मुलीच्या शाळेचं जमेना तेव्हा नोकरी सोडायचं मनात आलं होतं आणि बँकेतल्याच एका वरिष्ठांनी थांबवलं, असं त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. हे वाचलं तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

माझ्याकडे तसं पत्र १९९९ साली येण्याच्या बेतात होतं. स्केल थ्रीची मुलाखत होती आणि पास झालं की परराज्यात जावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंना अर्धांगवायू, मुलगा दहावीत, आमचे हे अमळनेरला शिक्षक. मी फॉर्मच भरला नाही. कोणी जबरदस्ती केली नाही, बरं का. घरात सगळे म्हणाले, "तुझं तू ठरव." हे 'तुझं तू ठरव' फार महागात पडतं. त्यापेक्षा कोणी सरळ "जा, आम्ही बघतो" म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

दुसरी अडचण टेबलाची. शाखेत बाईला हमखास बचत खात्याचं काउंटर, नाहीतर एफडी-रिकरिंग. "मॅडम, तुम्ही इथंच बऱ्या, संध्याकाळी वेळेवर घरी जाता येईल." ऐकायला गोड. पण वर जायला कर्जाचं काम यावं लागतं, परकीय चलन यावं लागतं. ते टेबल मागून, प्रसंगी भांडून घ्यावं लागतं. ऑफिसर झाल्यावर मी पारोळा तालुक्यातल्या एका शाखेत पीक कर्ज मागून घेतलं. सातबारा तपासायचा, एसटीने गावात जायचं, कापसाच्या शेतात उभं राहून पाहणी करायची. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे बाबा टेबलासमोर उभे. "साहेब कोठे शे, ताई?" मी म्हटलं, "मीच शे." बाबा माझ्याकडे बघून खुर्चीकडे बघतात, पुन्हा माझ्याकडे. मग हसले आणि सातबारा पुढे केला. थकबाकीची वसुली मात्र त्याच बाबांच्या गावात सगळ्यात चांगली झाली, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भट्टाचार्यांकडे तर टेबलांची यादीच होती: कर्ज, परकीय चलन, मनुष्यबळ, मग एसबीआय कॅपिटल मार्केट्स, मग बँकेचा सगळा हिशेब बघणारं वित्ताचं पद. तिथून अध्यक्ष. आणि खुर्ची मिळाली तीही काटेरी. मोठ्या उद्योगांची कर्जं बुडत चाललेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी. १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक पोटात घेणं. नोटाबंदी आली ती इकडे कापूस घरात यायच्या दिवसांत. आमच्या शाखेबाहेर पहाटेपासून रांग, व्यापाऱ्याकडे द्यायला नोटा नाहीत, रात्री दहा-दहापर्यंत कॅश टॅली होत नव्हती. एका शाखेत आमची ही गत, तर ज्यांच्या हाताखाली हजारो शाखा त्यांचं काय झालं असेल, असं तेव्हा डोक्यात यायचं.

त्यांच्या काळातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट मात्र विलीनीकरण नाही. मुलांसाठी किंवा घरच्या आजाऱ्यांसाठी दोन वर्षं नोकरी न सोडता थांबता येईल, अशी सोय त्यांनी बायकांना करून दिली. अडतं कुठे, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं.

तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर वयाचा हिशेब आधी करा. साठाव्या वर्षी निवृत्ती. स्केल वन ते सेव्हन, त्यापुढे मुख्य महाव्यवस्थापक, उपव्यवस्थापकीय संचालक, व्यवस्थापकीय संचालक. एवढं चढायला बावीस-तेविसाव्या वर्षी लागलेलं बरं, त्यामुळे "अजून एक वर्ष एमपीएससी बघू" वगैरे करत बसू नका. लागल्यावर जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या खात्यांतर्गत व्यावसायिक परीक्षा लग्नाआधी उरकून घ्याव्या (हे मी सगळ्या पोरींना सांगते, नंतर पुस्तक हातात येत नाही). खेड्यातली शाखा आली तर तोंड वाकडं करू नये, ती वर्षं बढतीला कामाला येतात.

स्थळं बघायला लागाल तेव्हा पाहुण्यांना पगार सांगण्याआधी बदलीचं सांगा. आमच्याकडे उलटं होतं. पगार आधी सांगतात, बदलीचा विषय हळद लागल्यावर निघतो.

आणि पहिलं पोस्टिंग लांबचं आलं तर तिला एकटीला गाडीत बसवू नका. तुम्ही दोघं सोबत जा, खोली बघून द्या, चार दिवस राहा आणि मग परत या.