सोनोग्राफीच्या सकाळी सासूबाईंना चहा द्यायचा का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून पूर्ण पोटाची सोनोग्राफी सांगितलीये. सेंटरवाले म्हणतात उपाशी या आणि भरपूर पाणी पण पिऊन या. सकाळचा चहा नाही मिळाला की त्यांचं डोकं उठतं. शिवाय त्या दिवशी चतुर्थी आहे, खिचडी चालेल का? आणि गोळ्यांचं काय?

उत्तर : ताई, दुधाचा चहा अजिबात नको, अर्धा कपसुद्धा नाही. दुखणं ज्या जागी सांगताय तिथेच पित्ताशय असतं आणि रात्रभर पोटात काही गेलं नाही की ते पित्ताने भरून फुगतं, मग स्क्रीनवर काळ्या पिशवीसारखं स्वच्छ दिसतं, आत खडा असेल तर तो पांढरा चमकतो, मागे काळी सावली पडते, आणि पेशंटला कुशीवर वळवलं की बऱ्याचदा घरंगळतो पण. हे सगळं बघायला ते भरलेलं लागतं. दूध, तूप, शेंगदाण्याचा कूट काहीही स्निग्ध पोटात गेलं की पित्ताशय आकसून पित्त सोडून देतं, भिंत जाड दिसायला लागते आणि सूज आहे की नुसतं खाऊन आलेत हेच कळत नाही, मग उद्या परत या. म्हणून खिचडी तपासणीनंतरच.

रात्री हलकं जेवण लवकर उरका, नंतर ६ ते ८ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, उलट ते लागतंच, कारण मूत्राशय भरलं की आतडी बाजूला सरकतात आणि ओटीपोटातलं नीट दिसतं. तासभर आधी ४-५ ग्लास प्यायचे आणि लघवीला जायचं नाही, पण जीव कासावीस होईपर्यंत धरून ठेवायला लावू नका हो, काउंटरवर सांगा, ते आधी घेतात. किडनी किंवा हार्टसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. सोडा, च्युइंगम नको, गॅस झाला की पुढचं काही दिसत नाही.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घोटभर पाण्यासोबत द्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी देऊ नका, डब्यासोबत पर्समध्ये ठेवा, झाल्यावर खाताना द्या. रात्रीच्या डोसबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन कराच. अपॉइंटमेंट सकाळची पहिली मागा, भांडून मागा. आणि थांबलेल्या असताना घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखर द्या, सोनोग्राफी उद्या होईल.

प्रश्न : बाबांचा पेट स्कॅन आहे, त्यालाही हेच का?

उत्तर : नाही, पेट (PET) म्हणजे पोट नव्हे, शरीरातल्या पेशी साखर कुठे किती ओढतात ते दाखवणारा स्कॅन, त्यामुळे तिथे मुख्य मुद्दा साखरेचा. शिरेतून जे औषध देतात ते ग्लुकोजसारखंच असतं, पेशींनी ते ओढून घेतलं तर स्कॅनमध्ये उजळतं, आणि खाऊन आलात तर ते स्नायूंमध्येच जातं. म्हणून किमान ४-६ तास फक्त साधं पाणी, लिंबू सरबत नाही, खडीसाखर नाही, गोड गोळी नाही. आदल्या दिवशी भात-पोळी कमी, अंडी, पनीर, मासे चालतात. मॉर्निंग वॉक पण नको. रक्तातली साखर २०० च्या वर निघाली तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, त्यामुळे डायबेटिस असेल तर तारीख घेतानाच सांगून ठेवा.