पाकिस्तानात बाई चित्रकार म्हणून जगू शकते का?

असं तुम्ही विचारलंत. तुमचा पुढचा प्रश्न होता, ‘आजची एखादी पाकिस्तानी चित्रकार सांगाल का?’ बऱ्याच आहेत. मी एकीबद्दलच लिहितो, कारण तिच्या नादाने माझी मैद्याची खळ दोनदा वाया गेली आहे.

शाहझिया सिकंदर. जन्म १९६९, लाहोर. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या राजवटीत वाढली आणि लाहोरच्याच नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये शिकली. तिथल्या लघुचित्रांच्या वर्गाकडे तेव्हा फारसं कुणी फिरकत नसे. लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायच्या मुघली नकला, असा समज होता. हिने नेमकं तेच घेतलं. गुरू बशीर अहमद, जुन्या वळणाचे. जमिनीवर बसून तासन्‌तास काम.

आधी कागदच करावा लागतो. त्याला वासली म्हणतात. कागदाचे ताव खळीने एकावर एक डकवायचे, कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद, वाळलं की शंखाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचं. मग खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घ्यायचा आणि बारीक ठिपक्या-रेघांनी छटा चढवत न्यायची. याला परदाख्त म्हणतात. मी घरी वासली करून पाहिली. पहिलीचे पापुद्रे सुटले, दुसरीला फुगे आले. परदाख्तपर्यंत पोचलोच नाही.

तिचं पदवीचं काम ‘द स्क्रोल’, १९८९-९० मधलं, लांबी पाचेक फूट. त्यात बादशहा नाही, शिकार नाही. लाहोरमधलं एक घर आहे आणि पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी, खोल्याखोल्यांतून सावलीसारखी फिरणारी. आपल्याला तिचा चेहरा दिसत नाही. शेवटी ती चित्र काढताना दिसते, तेही स्वतःचंच. या चित्राने तिचं नाव झालं आणि ओस पडलेल्या त्या वर्गाकडे पुढे मुलं वळू लागली.

१९९३ मध्ये ती अमेरिकेत गेली, ऱ्होड आयलंडला पुढचं शिक्षण, २००६ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची पाठ्यवृत्ती. हे सगळं तुम्हाला कुठेही मिळेल. मला रस आहे तो २०१६ च्या ‘डिसरप्शन ॲज रॅप्चर’मध्ये. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात ‘गुलशन-ए-इश्क’ची एक सचित्र पोथी आहे. तिच्यातली चित्रं हिने ॲनिमेशनमध्ये हलती केली. हे काव्य विजापूरच्या नुसरतीचं, दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारी कवीचं. याच नुसरतीच्या ‘अलीनाम्या’त शिवाजी महाराज शत्रू म्हणून येतात. भाषा दखनी, जिच्यात आपलं ‘नको’ ‘नक्को’ होऊन बसलंय. म्हणजे लाहोरची बाई अमेरिकेत बसून आपल्या शेजारच्या अंगणातली पोथी उलगडत होती, आणि आपल्याला पत्ता नाही!

अलीकडे ती शिल्पंही करते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अपील न्यायालयाच्या छतावर तिने आठ फुटी सोनेरी बाई उभी केली. कमळातून उगवलेली, वेण्या मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळवलेल्या, गळ्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांची आठवण देणारी लेसची कॉलर. त्या छतावर कायदे करणाऱ्यांचे जुने पुतळे आहेत, सगळे पुरुष, आणि त्यांत चक्क आपला मनू. तो फोटो बघताना मला महाड आठवलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, जरा उलट्या बाजूने. त्या सोनेरी बाईच्याच मालिकेतला ‘विटनेस’ नावाचा १८ फुटी पुतळा २०२४ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या आवारात लागला. गर्भपातविरोधी गटांनी त्याला सैतानी ठरवलं, उद्घाटनाचा कार्यक्रम बारगळला. जुलैत वादळाच्या रात्री, शहरात वीज नसताना, कुणीतरी वर चढून पुतळ्याचं डोकं तोडलं. विद्यापीठ दुरुस्तीला तयार होतं. ही म्हणाली, डोकं बसवू नका, आहे तसाच राहू द्या.