खोडलेले पर्याय : नैराश्यावरच्या गेमविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नैराश्यावर गोष्टी भरपूर आहेत. तेच गेममधून सांगितलं तर वेगळं काय हाती लागतं? सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, सातारा)

'डिप्रेशन क्वेस्ट'पासून करा. झोई क्विन यांनी पॅट्रिक लिंडसी आणि आयझॅक शँक्लर यांच्यासह २०१३ साली केलेला हा गेम मोफत आहे. तो ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. इंग्रजी मात्र भरपूर वाचावं लागतं.

प्रत्येक पानावर एक प्रसंग आणि खाली काही पर्याय असतात. त्यातला सगळ्यात शहाणपणाचा पर्याय, म्हणजे सरळ उठून कामाला लागणं किंवा मोकळेपणाने बोलून टाकणं, तिथे लिहिलेला असतो, पण त्यावर काट मारलेली असते. तो वाचता येतो, निवडता येत नाही. नायकाची अवस्था बिघडत गेली की अधिक ओळी खोडल्या जातात. पानाच्या तळाशी तीन नोंदी असतात : नैराश्य किती, उपचार चालू आहेत का, औषध घेतो का. "जरा मनावर घे, सगळं जमेल" हा सल्ला का फसतो, ते या खोडलेल्या ओळींपुढे बसल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बरेच जण इथे 'बरोबर उत्तर' शोधत जिंकायला बसतात आणि कंटाळतात. पहिल्या खेपेला थकलेल्या दिवशी तुम्ही खरोखर जे कराल तेच निवडा. दुसऱ्या खेपेला मदत, समुपदेशन, औषध जिथे पुढे येईल तिथे स्वीकारा आणि किती ओळींवरची काट निघते ते पाहा.

गोष्ट दुःखाचं वर्णन करते. गेम तुमच्या हातातले नियमच बदलतो. याचा सुंदर नमुना म्हणजे २०१८ चा 'सेलेस्ट'. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते आहे. तिचंच एक काळं रूप तिचा पाठलाग करतं, तेही तुम्ही केलेल्या उड्यांची क्षणभर मागून हुबेहूब नक्कल करत. पुढे रोपवेत तिला भीतीचा झटका येतो, तेव्हा पडद्यावर एक पीस येतं आणि बटण दाबत-सोडत ते श्वासाच्या लयीत तरंगतं ठेवायचं असतं. नंतर एकदा हाच उपाय चालत नाही, आणि ते दाखवायला हा गेम कचरत नाही. सहाव्या भागात ती त्या रूपाशी समेट करते. तेव्हा हवेत एकदाच मारता येणारी झेप दोनदा मारता येऊ लागते. समेटाचा अर्थ संवादांत सांगून थांबत नाही, तो बोटांना कळतो.

'सेलेस्ट' अवघड आहे. अडकलात तर मेनूमधला 'असिस्ट मोड' चालू करा : वेग निम्म्यापर्यंत कमी होतो, दम न संपण्याची सोयही मिळते. ती वापरण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : अकरावीतला मुलगा असले उदास गेम खेळतो. त्यानेच त्याला नैराश्य येईल का? बंद करावेत का? (एक आई, ठाणे)

ताई, गेमच्या विषयावरून निदान होत नाही. लक्ष वेगळ्या गोष्टींकडे द्या : सलग दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडली आहे का, आवडीच्या गोष्टी सुटल्या आहेत का, "मी कुणाच्या उपयोगाचा नाही" असं बोलणं येतं का. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला सरळ आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

गेम बंद करण्याआधी शेजारी बसून एकदा पाहा. मात्र 'ॲक्च्युअल सनलाइट'सारखा गेम आत्महत्येच्या विचारांवरच आहे आणि त्यात दिलासा जवळजवळ नाही. मन आधीच खाली असेल तेव्हा तो नको.

प्रश्न : गेम खेळून नैराश्य बरं होतं का? (एक वाचक, मडगाव)

वर सांगितलेले गेम समज देतात, उपचार करत नाहीत. उपचार म्हणूनच घडवलेला गेम म्हणजे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचा 'स्पार्क्स'. त्यात सात भाग आहेत आणि नकारात्मक विचार ओळखून बदलण्याची पद्धत त्यांतून शिकवली जाते. १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवरची त्याची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम नैराश्यात तो नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी पडला नाही. तीव्र नैराश्यासाठी तो नाही, आणि चालू औषध तर कोणत्याही गेमपायी थांबवू नये.

प्रश्न : मराठीत असा छोटा गेम करायचा आहे. प्रोग्रामिंग येत नाही. (मानसशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक)

जरूर करा, मराठीत अशा गेमची फार गरज आहे. दुव्यांनी जोडलेल्या पानांची गोष्ट रचण्याचं 'ट्वाइन' हे मोफत साधन घ्या, 'डिप्रेशन क्वेस्ट' त्यातच केलेला आहे. पहिल्या प्रयत्नाला पंचवीस-तीस पानं आणि पानाला शंभरेक शब्द पुरेत.

ट्वाइनमध्ये गोष्ट लिहिण्याचे काही ठरलेले प्रकार ('स्टोरी फॉरमॅट') असतात, त्यातला 'हार्लो' हा प्रकार निवडा. दुहेरी चौकटी कंसात, म्हणजे [[ ]] मध्ये, पानाचं नाव लिहिलं की दुवा तयार होतो. पानाची नावं देवनागरीत चालतात, पण एका ठिकाणी 'आठवण' आणि दुसरीकडे 'आठवणी' झालं की ट्वाइन मुकाट्याने नवं कोरं पान उघडतं. पानांच्या नकाशात एकटं पडलेलं पान दिसलं तर आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासा.

आता मुख्य यंत्रणा. 'ताकद' हा एक आकडा ठेवा. त्याचं नाव रोमन लिपीत द्या आणि आधी डॉलरचं चिन्ह लावा. सुरुवात ६. आंघोळीला १, फोन उचलायला २, कॉलेजला जायला ३ वजा. ताकद पुरेशी असेल तर दुवा दाखवा, नसेल तर तेच शब्द दोन्ही बाजूंना दोन-दोन लाटचिन्हं (~~) घालून काट मारलेले दाखवा. पर्याय लपवू नका. लपवला तर खेळणाऱ्याला तो सुचलाच नाही असं वाटतं, आणि नैराश्यातल्या माणसाला तर सगळं सुचत असतं.

दोन चुका हमखास होतात. अटीचा कंस आणि दुव्याचे दोन मिळून शेवटी तीन चौकटी कंस येतात, त्यातला एक राहतो आणि पुढचं पान विस्कटतं. दुसरी : ६ ही किंमत 'सकाळ' या पानावर लिहिली जाते आणि ते पान उघडताच दरवेळी ताकद पूर्ण भरते. ती पहिल्या पानावरच द्या, नंतरच्या सकाळी नीट झोप झाली का यावरून ताकद वाढवा किंवा कमी ठेवा.

हार्लोमध्ये डावीकडे 'मागे जा'चा बाण आपोआप येतो. तो ठेवला तर प्रत्येक निर्णय फुकट परत घेता येतो, म्हणून स्टाइलशीटमध्ये (गेमचं दिसणं ठरवणाऱ्या नोंदीत) साइडबार, म्हणजे बाणाची ती पट्टी, लपवा. त्याऐवजी प्रत्येक पानावर 'इथे थांबते' असा दुवा द्या. त्यामागच्या पानावर १४४१६ हा क्रमांक असू द्या. शेवट 'बरी झाली' असा करू नका. खोडलेल्या दोन-तीन ओळी मोकळ्या झालेल्या दिसल्या तरी पुरे.

ब्राउझरमधल्या ट्वाइनचं सगळं लेखन त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहतं. साइटचा डेटा पुसला की गेमही जातो. रोज काम संपलं की 'अर्काइव्ह' करून फाइल पेनड्राइव्हवर घ्या.